पान एकाहत्तरवरचं प्रश्नचिन्ह

परभणी, १२ जानेवारी २०२५

प्रिय सिद्धू,

फोनवर म्हणालास, "स्क्रीनचा फोटो पाठवू नको. काय काय केलंस ते क्रमानं लिहून मेल कर. लिहिता लिहिता निम्मी चूक माणसाला स्वतःलाच सापडते." म्हणून लिहायलेय. बोरीच्या शाळेत पत्रलेखनाला तुला पाचपैकी साडेचार पडायचे आणि मला तीन. त्याचा माज अजून उतरलेला दिसत नाही.

तर ऐक. माझा प्रबंध ज्वारीवरच्या खोडमाशीवर आहे, हे तुला ठाऊकच आहे. माशीची अळी कोवळ्या रोपात शिरते, मधला पोंगा वाळून जातो. पोंगेमर म्हणतात. सहा वर्षं झाली या माशीच्या मागं लागून. एकदा मुदत वाढवून घेतली, आता दुसऱ्यांदा मिळत नाही. २८ फेब्रुवारीला प्रबंध कॉलेजात जमा नाही झाला तर नोंदणी रद्द. सहा वर्षं मातीत जातील. घरचे तर म्हणतीलच, माशा मारत बसली होती.

वर्डमध्ये दोनशे पानं झाल्यावर फाईल रोज अडकायला लागली. माझ्या हाताखालची अपेक्षा म्हणाली, ताई, लॅटेकमध्ये करा, पुस्तकं लावायचं सॉफ्टवेअर आहे, संदर्भ आपोआप लागतात. सगळं तिकडं नेलं. संदर्भांची वेगळी फाईल केली, मजकुरात जिथं ज्याचं काम वापरलं तिथं त्याची खूण टाकली. आणि पीडीएफ उघडली तर जिथं संदर्भाचा आकडा यायला पाहिजे तिथं चौकटी कंसात प्रश्नचिन्ह. एक नाही, दोन नाही, दीडशेच्या वर! शेवटची संदर्भसूची तर गायबच. आपोआप लागतात म्हणे.

तू तिकडं हैदराबादला दिवसभर हेच करतोस, शास्त्रज्ञांची जर्नलं लावतोस. मला वाचव बाबा.

अर्पिता


हैदराबाद, १४ जानेवारी

प्रिय अर्पिता,

पत्र चांगलं आहे. चार देतो.

तुझं काही बिघडलेलं नाही. तू लॅटेक एकदाच चालवलंस. ते एकदा चालवून भागत नाही. आपल्याकडं लग्नाचं आवतन असतं ना, तसंच समज. पहिल्यांदा लॅटेक चालवलं की ते नुसती यादी करतं, मजकुरात कुणाकुणाचं नाव आलंय त्याची. मग बिबटेक चालवायचं. ते यादी घेऊन तुझ्या संदर्भांच्या फाईलीत जातं आणि त्या त्या माणसाला आवतन देऊन येतं. दुसऱ्यांदा लॅटेक चालवलं की पाहुणे मांडवात येतात. तिसऱ्यांदा चालवलं की कोण कितव्या पाटावर, ते ठरतं. तू यादी केलीस आणि जेवायला वाढलंस. समोर कोण असणार?

तर लॅटेक, बिबटेक, लॅटेक, लॅटेक. या क्रमानं. मधलं गाळायचं नाही. आणि एक लक्षात ठेव, फाईलीत नोंद आहे एवढ्यावर कुणी सूचीत येत नाही. मजकुरात नाव घेतलं तरच येतो. आवतन नाही तर पंगत नाही.

करून बघ आणि काय होतंय ते लिही. घाबरू नको, दीड महिना पुष्कळ आहे.

सिद्धोधन


परभणी, १९ जानेवारी

सिद्धू,

अरे आली की नावं! अपेक्षा आणि मी दोघी टाळ्या वाजवायलो होतो, ग्रंथपालांनी येऊन दटावलं.

पण पूर्ण नाही. साधारण नव्वद नावं आली. त्यापुढचे सगळे अजून प्रश्नचिन्हातच आहेत. आणि आलेल्यांतही काहींची नावं भलतीच. तिघांनी मिळून लिहिलेला निबंध असेल तर तिघांचं मिळून एकच विचित्र नाव तयार झालंय. कुठं कुठं बिबटेक "स्वल्पविराम लय झाले" अशा अर्थाचं काहीतरी इंग्रजीत ओरडतंय. सगळी फाईल सोबत पाठवतेय. तूच बघ, माझे डोळे आता फिरायलेत.

काल बोरीला गेले होते. झरीच्या पुढं रस्त्याचं काम चाललंय, पाऊण तास एसटीतच. तुझ्याकडं गेले. रंगनाथकाकांनी हुरडा भाजून घातला, काकूंनी जवसाची चटणी केली. काकांचा गुडघा दुखतोय पण ते सांगत नाहीत, बसताना भिंत धरतात. काकू म्हणाल्या, त्याला म्हणावं फोनवर नुसतं "जेवलात का" विचारतो, त्यापुढं पण बोल.

आणि एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवून ठेवलीय. वाईट नाही. पण शब्द दिलाय, म्हणून प्रबंध जमा झाल्यावरच सांगणार. आत्ता विचारू नको.

अर्पिता


हैदराबाद, २२ जानेवारी

अर्पिता,

फाईल दुरुस्त करून पाठवतोय.

एक. एक्क्याण्णवाव्या नोंदीत तू महिरपी कंस उघडलास आणि बंद केला नाहीस. त्या कंसानं पुढच्या सगळ्या नोंदी गिळल्या. कुडाचं फाटक उघडं राहिल्यासारखं. बंद केलं.

दुसरं ते नावांचं. दोन लेखकांच्या मध्ये स्वल्पविराम टाकायचा नसतो. बिबटेकच्या लेखी स्वल्पविराम म्हणजे आधी आडनाव, मग नाव. दोन वेगळी माणसं असतील तर मध्ये 'अँड' लिहायचं, तीन असतील तर दोनदा. मग त्याला कळतं की ही स्वतंत्र माणसं आहेत. छप्पन्न ठिकाणी बदललं. माझ्या दोन रात्री गेल्या, तेव्हा हुरड्याचं सांगून जळवू नको.

शिवाय तुझ्या फाईलीत एकेचाळीस नोंदी अशा होत्या ज्यांचं मजकुरात कुठंच नाव नाही. काही दोनदा आलेल्या, काही अर्धवट, काही हस्तलिखित आणि अप्रकाशित असलं भरताड. आमच्या ऑफिसात असला कचरा पुढं जाऊ देत नाहीत. एका छोट्या प्रोग्रॅमनं सगळ्या उडवल्या. आता एकशे सदतीस राहिल्या आणि एकशे सदतीसही सूचीत दिसतात. एकही प्रश्नचिन्ह नाही.

बाबांच्या गुडघ्याचं मला कुणीच सांगितलं नव्हतं. बोललो त्यांच्याशी. "काय न्हाई, थंडी हाय" म्हणाले. फोनवर पुढं काय बोलू सांग? मागच्या मे महिन्यात गेलो तर पुन्हा त्या वह्या काढून बसले होते. वीस-बावीस वर्षं त्या बियाणं कंपनीच्या मळ्यावर रोजानं राबले, कंपनीनं मळा बंद केला तेव्हा एक शाल दिली. आणि हे अजून त्या मळ्यातली मेलेली रोपं मोजलेल्या वह्या फडक्यात बांधून ठेवतात. मी म्हणालो, भंगारवाल्याला द्या. त्यानंतर दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. माझंही चुकलं असेल, पण मला त्या वह्या बघवत नाहीत.

तुझं गुपित ठेव तुझ्यापाशी. मी विचारत नाही.

सिद्धोधन


परभणी, ९ फेब्रुवारी

सिद्धू,

मधे पंधरा दिवस लिहिलं नाही, कारण सगळं ठीक चाललं होतं. आता नाही.

पान एकाहत्तरवर पुन्हा प्रश्नचिन्ह आलंय. एकच आहे. पण ते एकच माझ्या जिवाला लागलंय, म्हणून पहिल्यापासून सांगते.

माझ्या तिसऱ्या प्रकरणात एक तक्ता आहे. सन दोन हजार ते दोन हजार वीस, एकवीस हिवाळे. दर साली ज्वारी कधी पेरली आणि शंभरातली किती रोपं पोंगेमरनं गेली. आपल्या भागातले एवढे सलग आकडे दुसऱ्या कुणापाशी नाहीत. सगळा प्रबंध त्या तक्त्यावर उभा आहे. आणि ते आकडे माझे नाहीत. एका माणसाच्या वह्यांमधले आहेत. शिकलेला म्हणशील तर सातवी. मी त्या वह्यांची नोंद संदर्भांच्या फाईलीत केली होती. माझ्या मार्गदर्शक सरांनी ती बघितली आणि म्हणाले, अर्पिता, शेतमजुराच्या वहीला संदर्भ म्हणत नाहीत, बाहेरचे परीक्षक हसतील. ऋणनिर्देशात नाव घाला, छान दोन ओळी लिहा. मी मान हलवली. मजकुरातून खूण काढली, आणि नोंद तेवढी फाईलीत राहू दिली. काढायला हात होईना.

तीन महिने मी गप्प बसले. मला माझीच लाज वाटायलीय सिद्धू. त्या माणसाच्या घरी जाऊन हुरडा खाऊन आले आणि तोंड वर करून बसले.

शेवटी काल सरांना म्हणाले, "सर, आभार मानले म्हणून आकडे माझे होतात का?" सरांनी तो तक्ता पुन्हा उघडून बघितला. मग म्हणाले, "घाला. पण तोंडी परीक्षेत उत्तर तुम्हीच द्यायचं." मी म्हणाले, देते. घरी येऊन लगेच पान एकाहत्तरवर खूण टाकली, तू सांगितल्याप्रमाणे लॅटेक, बिबटेक, लॅटेक, लॅटेक. आणि बरोबर तिथंच प्रश्नचिन्ह. बिबटेक म्हणतंय, अशी नोंदच सापडत नाही. मी फाईल वरपासून खालपर्यंत तीनदा बघितली. सापडत नाही! मी ती स्वतःच्या हातानं लिहिली होती. "शेतवही" अशी खूण दिली होती.

वीस दिवस राहिलेत. बांधणीवाल्याला पंचवीस तारखेला द्यायचंय. लवकर बघ.

कुणाच्या वह्या ते विचारू नको. त्यांनीच शब्द घेतलाय.

अर्पिता


हैदराबाद, १० फेब्रुवारी

अर्पिता,

नोंद मी उडवली. त्या एकेचाळीसमध्ये ती होती. मी तुला लिहिलंही होतं आणि तू वाचलं नाहीस.

तुझी जुनी फाईल माझ्याकडं शिल्लक होती. त्यात "शेतवही" शोधली. तू लेखकाच्या जागी लिहिलंयस, रंगनाथ सखाराम. पुढं लिहिलंयस, हस्तलिखित, एकवीस वह्या, बोरी, तालुका जिंतूर.

ती ओळ मी कितीदा वाचली सांगू? जेवायला उठलो नाही.

बिबटेक शेवटच्या शब्दाला आडनाव समजतं. म्हणून उडवलेल्या नोंदींची जी यादी निघाली होती तिच्यात "सखाराम, आर." असं आलं होतं. मी ती यादी बघितली होती अर्पिता. वरून खाली बघितली आणि म्हणालो, हा कोण सखाराम, अप्रकाशित, उडवा. माझ्या आज्याचं नाव आहे ते. मळ्याच्या हजेरीपटावर बाबांचं नाव असंच लिहायचे, त्यांचं आणि त्यांच्या बापाचं. आडनाव कधी लावलंच नाही. बाबा वहीवरही तसंच लिहायचे, हजेरीपटासारखं. मी मात्र शाळेपासून खिल्लारे. त्यामुळं मला माझा बाप ओळखू आला नाही.

मे महिन्यात मी त्या वह्या भंगारात द्या म्हणालो आणि त्यांनी दिल्या नाहीत. जानेवारीत त्यांना विचारलंसुद्धा नाही, एक बटण दाबलं. तुझे सर निदान तोंडावर बोलले.

तुझ्यावरही राग आलाय, खोटं कशाला सांगू. तू मला का नाही सांगितलंस? पण सांगितलं असतंस तर मी काय म्हणालो असतो तेही मला माहीत आहे. म्हणून तो राग फार टिकला नाही.

नोंद परत घातली. या वेळी आडनाव आधी, मग स्वल्पविराम, मग नाव: खिल्लारे, रंगनाथ सखाराम. आजाही राहिला. तीनदा चालवून बघितलं. पान एकाहत्तरवर आता कंसात त्रेसष्ट येतं. त्यांच्या पुढच्या सगळ्यांचे आकडे एकानं सरकलेत, ते लॅटेकनं आपणहून केलं. तेवढं ते करतं.

सिद्धोधन


परभणी, १३ फेब्रुवारी

सिद्धू,

काय लिहू? तुझं पत्र वाचून मी रडले, मग अपेक्षानं वाचलं, मग तीही रडली. ग्रंथपाल पुन्हा आले.

तू विचारलंस म्हणून सांगते. दोन वर्षांपूर्वी मी बोरीत खोडमाशीबद्दल लोकांना विचारत फिरायले होते. सगळे म्हणायचे, "लय पडती." किती, ते कुणालाच सांगता येईना. काका म्हणाले, "कोणत्या सालची सांगू?" आणि फडक्याची गाठ सोडली. मी तिथंच खाली बसले. त्यांनी एकच अट घातली, पोराला सांगू नको, त्याला राग येतो. मी पाळली. जानेवारीत तुझं पत्र वाचताना "उडवल्या" एवढंच वाचलं आणि खूश झाले, माझी फाईल स्वच्छ झाली म्हणून. दोघांचंही सारखंच.

उद्या प्रत छापून घेते आणि बांधणीआधी बोरीला जाऊन काकांना दाखवते. सूचीत त्यांच्या वर केनियाचा एक जण आहे आणि खाली कोरियाचा. मी तर म्हणते, चांगली सोबत मिळाली.

त्यांना तू काही कळवायचंस का? बघ बाबा. ते माझं काम नाही.

अर्पिता


बोरी, १६ फेब्रुवारी

चि. सिद्धोधन यास जय भीम व आशीर्वाद.

परवा फोनवर तू बोललास. मला बोलता आलं न्हाई, म्हणून लिवतो. अर्पिता ह्याचा फोटो काढून तुला धाडते म्हणली.

ती काल बुक घेऊन आली. इंग्रजी हाय, मला कळत न्हाई, पर आकडे कळतात. मागची यादी दाखवली. मी नावं मोजली. एकशे अडतीस भरली. माझं त्रेसष्टावं हाय. बरं वाटलं. खोटं कामून बोलू, लय बरं वाटलं.

तू म्हणलास, बाबा माझ्या हातनं नाव पुसलं गेलं. आरं, तुला ठावं न्हवतं. ते इसर. भंगाराचं बोललास ते मात्र लागलं होतं. आता न्हाई.

कंपनीनं काय दिलं म्हणतोस. मी कंपनीसाठी लिवत न्हवतो. पयल्या साली सायबानं इचारलं, रंगनाथ, किती पोंगे मेले? मी म्हणलं, लय मेले. तो हासला. म्हणला, लय म्हंजी किती? मला सांगता आलं न्हाई. मान खाली घालून उभा राह्यलो. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन शंभर रोपं मोजली. तवापासून मोजायलो. सायेब बदलून गेला, पुन्हा कुणी इचारलं न्हाई. इचारलं असतं तर मला सांगता आलं असतं.

आता एक खरं ते सांगतो. पान एकाहत्तरवर तक्त्यात २०१५ साल हाय. त्या साली तुला हैदराबादला कावीळ झाली अन् मी तिकडं तुझ्यापाशी पंधरा दिवस होतो, ध्यानात हाय का? ज्वारी काय थांबत न्हाई. त्या साली तुझ्या मायनं मोजलं. तिला लिवता येत न्हाई. एक मेलं की एक रेघ, अशा रेघा वढल्या वहीत. आल्यावर मी त्या मोजल्या अन् वर आकडा टाकला. सव्वीस. अर्पिता म्हणली, काका मला वाटलं त्या साली तुमी घाईत होता, म्हणून रेघा हायत. तर तसं न्हाई. ते साल माझं न्हाई. एकट्या माझ्या नावावर गेलं तर लबाडी हुईल. तिथं रुख्मिणीचं नाव पायजे. ते कसं घालायचं ते तुला येतं म्हणं.

तिला इचारलं. ती म्हणली, माझं नाव घालू नगा, लोक हासतील, मी काय केलं, निस्तं मोजलं.

मी म्हणलं, अगं, मग मी तरी दुसरं काय केलं?

तुझा,
रंगनाथ सखाराम खिल्लारे


हैदराबाद, १८ फेब्रुवारी

अर्पिता,

फाईल सोबत आहे, ही शेवटची. हीच बांधणीला दे.

नोंद तीच ठेवली, लेखक दोन केले. बाबांच्या नावापुढं 'अँड' लिहिलं आणि त्यापुढं आईचं नाव. खिल्लारे, रुख्मिणी रंगनाथ. तिचं पूर्ण नाव मी आज पहिल्यांदा टाईप केलं. तक्त्याखाली एक ओळ घातलीय, २०१५ ची मोजणी रुख्मिणी खिल्लारे यांनी केली. सरांना दाखव. नाही म्हणाले तर मला फोन लाव, मी बोलतो. लॅटेक, बिबटेक, लॅटेक, लॅटेक, सगळं केलं. आकडा त्रेसष्टच राहिला.

मला ते पंधरा दिवस आठवतात. बाबा खोलीवर उसाचा रस घेऊन यायचे आणि रोज संध्याकाळी आईला फोन करून हळूच काहीतरी विचारायचे. मला वाटायचं घरची ख्यालीखुशाली.

आठ दिवसांची रजा टाकलीय. सत्तावीसला सकाळी परभणीत उतरतो, तुझ्याबरोबर कॉलेजात येतो आणि प्रबंध जमा झाला की दुपारच्या एसटीनं बोरीला. बाबांच्या गुडघ्याचं डॉक्टरला दाखवायचंय. आणि दोन हजार पंधराची वही बघायचीय. आईनं ओढलेल्या सव्वीस रेघा आहेत त्यात, मला त्या माझ्या हातानं मोजायच्या आहेत.

सिद्धोधन